तिचं पूर्ण नाव

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. परदेशातून तुमच्या शाळेत आलेल्या पाहुण्या मुलांचं स्वागत छान झालं, तुमचं समूहगीत रंगलं, शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, हे सगळं तू भरभर सांगून टाकलंस. मग आवाज खाली आणून म्हणालीस, "पण बाबा, मी तिच्याशी काही बोललेच नाही." ती म्हणजे तुझ्या जोडीला दिलेली मुलगी. हजेरीत तिचं नाव वाचलं तेव्हा तीनचार जण हसले, कुणीतरी आपल्या जिभेला सोपं पडेल असं दोन अक्षरी नाव तिला ठेवलं आणि दिवसभर सगळ्यांनी, तूसुद्धा, तेच वापरलं. तिने हसून मान डोलावली, तिला काही वाटलं नाही, असं तू दोनदा सांगितलंस. दुसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा मला कळलं की ते तुलाच टोचतंय.

मला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. ती मुलं अजून दहाबारा दिवस आहेत. म्हणजे वेळ गेलेली नाही.

मी नववीत असताना आमच्याही वर्गात परदेशातून आलेला एक मुलगा दोन आठवडे होता. माझ्याच बाकावर बसायचा. मी त्याला शाळा दाखवली, प्रयोगशाळा दाखवली, कपाटातली बक्षिसं दाखवली. दाखवत राहिलो आणि बोलत राहिलो. त्याला एकच प्रश्न विचारला : तुझ्या देशात प्रसिद्ध काय आहे? त्याने आमच्या भूगोलाच्या पुस्तकात होतं तेच सांगितलं आणि विषय संपला. त्याने मात्र मला एक प्रश्न विचारला होता. "तुमच्यात मुलं बाईंना शंका कधी विचारतात? बाई शिकवत असताना मध्येच, की तास संपल्यावर एकटं जाऊन?" मला सांगताच येईना. रोज त्या वर्गात बसत होतो, पण ही गोष्ट कधी पाहिलीच नव्हती. त्यानंतर आठवडाभर मी आमच्याच वर्गाकडे नव्याने बघत होतो : कोण विचारतं, कोण कधीच विचारत नाही, बाई कुणाकडे बघून थांबतात. त्याच्या देशाबद्दल मी काही शिकलो नाही. स्वतःच्या वर्गाबद्दल शिकलो, आणि तेही त्याच्यामुळे.

त्यालाही आम्ही सोपं नाव ठेवलं होतं. पुढे मोठेपणी त्याला शोधावंसं फार वाटलं. पण माझ्याजवळ होतं ते फक्त आम्ही ठेवलेलं नाव. त्या नावाचा माणूस जगात कुठेच नव्हता.

म्हणून सांगतो, सुरुवात तिथूनच कर. उद्या सकाळी तिला सांग, "तुझं खरं नाव मला नीट म्हणायचं आहे, शिकव." चुकलीस तर पुन्हा म्हण. चार वेळा चुकलीस तरी तिला राग येणार नाही. चौथ्यांदाही कुणीतरी प्रयत्न करतंय, हे कुणाला आवडत नाही?

आणि एकदा नावाची चौकशी सुरू केलीस की बघ किती काय उलगडतं. आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्यासारखं आडनाव नसतंच. सहसा वडिलांच्या आणि कधी आईच्या नावाला जोडून मुलाच्या नावामागे 'चा मुलगा' आणि मुलीच्या नावामागे 'ची मुलगी' अशा अर्थाचा शब्द येतो. त्यामुळे एकाच घरातल्या भावाबहिणीचं शेवटचं नाव वेगळं असतं आणि तिथल्या छापील टेलिफोन डिरेक्टरीतही लोक स्वतःच्या नावाने लावलेले असत. स्पेनमध्ये परंपरेने दोन आडनावं : एक वडिलांकडचं, एक आईकडचं. हंगेरी, जपान, चीन, कोरिया इथे आडनाव आधी आणि स्वतःचं नाव मागून. आता अशा मुलाच्या हातात 'पहिलं नाव' आणि 'शेवटचं नाव' असे दोन रकाने असलेला फॉर्म दिला, तर त्याने काय भरायचं? साध्या फॉर्ममध्येसुद्धा कुणाची तरी रीत गृहीत धरलेली असते. ज्याची रीत ती नाही, त्यालाच ते दिसतं.

घड्याळाचंही तसंच. इथिओपियात तास सूर्योदयापासून मोजायची पद्धत आहे. आपण सकाळचे सात म्हणतो तेव्हा तिथल्या बोलण्यात एक वाजलेला असतो. त्यांच्या वर्षाचे महिने तेरा, त्यातला शेवटचा फक्त पाचसहा दिवसांचा. हे वाचून 'गंमत आहे' एवढंच वाटलं तर ती सामान्यज्ञानाची ओळ झाली. दिवस मध्यरात्री का सुरू व्हावा, उजाडल्यावर का नाही, असं मनात आलं की खरी मजा सुरू होते.

तू म्हणशील, बाबा, पण मला सुचतच नाही काय बोलावं, आणि बोलताना व्याकरण चुकलं तर? चुकू दे. तिचंही चुकेल. पण तुझी खरी अडचण भाषेची नाही असं मला वाटतं. काल तुम्ही स्टेजवर होतात आणि त्या मुली खुर्च्यांवर. एकाने दाखवायचं, दुसऱ्याने टाळ्या वाजवायच्या, मग फोटो. त्यात बोलायला जागाच कुठे होती? अशा कार्यक्रमांवर माझा फारसा विश्वास नाही, हे तुझ्या शाळेबद्दल आदर ठेवूनच लिहितो. स्वागत व्हावं, पण स्वागत म्हणजे ओळख नव्हे.

यावर अभ्यास झालेला आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की वेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून मनातल्या अढ्या जात नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, हाती एकच काम हवं, ते काम एकमेकांच्या मदतीने करायचं असावं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या दोन संशोधकांनी असे ५१५ अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक ठिकाणी भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी झालेले दिसले, आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या होत्या तिथे जास्तच.

वर्गात हे कसं करायचं तेही एकाने दाखवलं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग नुकतेच एक झाले होते आणि मुलांचं आपसात जमत नव्हतं. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी पाचसहा मुलांचे मिश्र गट केले आणि धड्याचा एकेक तुकडा एकेकाला दिला. प्रत्येकाने आपला तुकडा शिकायचा आणि गटाला शिकवायचा. आता ज्याला कालपर्यंत हसत होते, त्याचं नीट ऐकल्याशिवाय धडाच पुरा होईना. मुलं ऐकू लागली. मला ही युक्ती फार आवडते, कारण यात कुणी कुणाला 'चांगलं वाग' असं सांगितलं नव्हतं. तुमच्या बाईंना विचारून पाहा, विज्ञानाचा एखादा प्रकल्प पाहुण्या मुलांबरोबर असा वाटून करता येईल का? तुझा तुकडा तिच्यावाचून अडला पाहिजे आणि तिचा तुझ्यावाचून.

सॅमँथा स्मिथ या अमेरिकन मुलीची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. १९८२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते. दहा वर्षांच्या या मुलीने सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना पत्र लिहून विचारलं, तुम्ही युद्ध करणार आहात का? त्यांचं उत्तर आलं, बोलावणं आलं आणि १९८३ च्या जुलैमध्ये ती आईवडिलांबरोबर तिकडे गेली. आर्तेक नावाच्या मुलांच्या शिबिरात तिची राहायची खास सोय करायची तयारी होती. तिने ती नाकारली आणि इतर मुलींबरोबर त्यांच्याच खोलीत राहिली. त्यांच्याबरोबर पोहली, त्यांची गाणी शिकली. तिच्या पत्राचं सगळे कौतुक करतात. मला तो खोलीचा निर्णय मोठा वाटतो. पाहुणी म्हणून गेलेली मुलगी पाहुणेपण सोडून आत शिरली. दोनच वर्षांनी ती विमान अपघातात गेली, तेरा वर्षांची असताना. म्हणजे तुझ्यापेक्षाही लहान.

मोठ्यांनाही हे कळायला वेळ लागतो. फ्रान्स आणि जर्मनी १८७० पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत तीनदा लढले. १९६३ मध्ये दोघांनी मैत्रीचा करार केला, तेव्हा तरुण मुलांच्या भेटीगाठींसाठी दोघांचं मिळून एक कार्यालयच काढलं. ते आजही चालू आहे. कालचा शत्रू ज्या घरात जेवतो, अभ्यास करतो, भावाशी भांडतो, त्या घरात जाऊन आपल्या मुलाने राहावं, असं तेव्हा ज्या आईबापांना वाटलं असेल, त्यांना केवढं धैर्य लागलं असेल! बाप म्हणून मला त्याचंच जास्त आश्चर्य वाटतं.

आणखी एक. ती तुला विचारेल, "तुमच्याकडे असं करतात का?" तेव्हा "आमच्या देशात सगळे असंच करतात" म्हणू नकोस. "आमच्या घरी असं करतात, माझ्या मैत्रिणीकडे वेगळं असतं" असं सांग. साऱ्या देशाचं ओझं तुझ्या खांद्यावर नको. तिच्या खांद्यावरही टाकू नकोस. ती एखाद्या दिवशी गप्प बसली तर 'ते लोक अबोल असतात' असं ठरवण्याआधी तिला बरं नाहीये का, घरची आठवण येतेय का, ते विचार. आणि तिने तुला लागेल असा एखादा प्रश्न विचारला, तर चिडण्याआधी तिने तिकडे आपल्याबद्दल काय ऐकलंय, ते विचार. त्यातून पुष्कळ कळेल. उत्तर माहीत नसलं तर मला माहीत नाही म्हण, आणि दोघी मिळून शोधा.

कालच्या हसण्याबद्दल तिची माफी मागायची का, असं तू शेवटी विचारलंस आणि मी "बघ तुला काय वाटतं ते" म्हणून टाळलं. ते चुकलं माझं. माग. वर्गासमोर नको, तिला अवघड होईल. दोघीच असताना, एका वाक्यात.

रविवारी फोन करशील तेव्हा आधी तिचं नाव सांग. पूर्ण आणि सावकाश. मला दोनतीनदा म्हणून पाहावं लागेल, तेवढा वेळ फोन ठेवू नकोस.

तुझा,
बाबा