बाळाच्या शीचा रंग विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, खानापूर तालुक्यात आली होती. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले. तान्ह्या बाळांना कावीळ होतेच, दोन आठवड्यांत उतरते, म्हणून घाबरलो नाही. पण बारसं झालं, महिना लोटला, तरी पिवळेपणा हटेना. डॉक्टर म्हणाले, "पितंय ना, वजन वाढतंय ना? कोवळं ऊन दाखवा." आम्ही रोज सकाळी अंगणात ऊन देत बसलो.

दुपटी मीच धूत होते. लघवीचे डाग हळदीसारखे, साबणानेही न जाणारे. शी पांढुरकी, तांदळाचं पीठ कालवल्यासारखी. नुसत्या दुधावर आहे म्हणून असेल, असं मला वाटलं. चार बाळंतपणं केलेली मी, पण डॉक्टरांना हे सांगायचं सुचलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

खरं कारण कळलं ७१व्या दिवशी. शीला रंग येतो तो पित्तामुळे. यकृतातून पित्त आणणाऱ्या नळ्याच बंद झाल्या होत्या, सोनोग्राफीत पित्ताशय आक्रसलेलं दिसलं. या आजाराला बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. उन्हाने तो बरा होत नाही. 'कासाई' ऑपरेशन करावं लागतं. हे नाव ऐकून लेकीच्या पोटात धस्स झालं, पण ते शोधून काढणाऱ्या जपानी सर्जनचं आडनाव आहे. ६० दिवसांच्या आत झालं तर गुण येण्याची आशा जास्त. आमचे ते दिवस उन्हात बसण्यात गेले. ऑपरेशन झालं, पण पित्त नीट वाहिलं नाही. आता यकृत बदलायचं बोलणं चाललंय, आणि लेक आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार आहे.

जपानमध्ये २०१२पासून आईला मिळणाऱ्या पुस्तिकेतच शीच्या रंगांचं कार्ड असतं, तैवानमध्ये २००४पासून. आपल्याकडे आशाताई १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतातच. तायी कार्डात (कर्नाटकात आईला मिळणाऱ्या सरकारी कार्डात) असे रंग छापले आणि त्याखाली कन्नडबरोबर मराठीतही दोन ओळी लिहिल्या, तर त्याच भेटीत बघून होईल. इथल्या कितीतरी आज्यांना कन्नड वाचता येत नाही, आणि दुपटी धुतात त्याच. बेळगावच्या आरोग्य खात्याला माझी हात जोडून विनंती आहे, हे एवढं कराच. कावीळ १४ दिवसांपुढे राहिली तर डॉक्टरांनी रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्त अडलं की वाढणारं पिवळं द्रव्य, वेगळं तपासावं.

परवा शेजारी १८ दिवसांचं बाळ घेऊन बाळंतीण आली. मी आधी दुपटंच मागितलं. शी पिठल्यासारखी पिवळी होती. मी तिथेच देवाला हात जोडले.

— एक आजी, ता. खानापूर, जि. बेळगाव