शिडाच्या शर्यती: आधी नियमावली, मग खरेदी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तारकर्ली-देवबागला स्कूबा आहे, मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात. मग विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर (बोर्डावर) उभे राहून धावण्याच्या, शर्यती का नकोत, असा प्रश्न अधूनमधून निघतो. वाऱ्याची बाजू भक्कम आहे. फेब्रुवारी ते मे या काळात सकाळचा मतलई वारा पडला की दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो आणि उन्हे कलेपर्यंत टिकतो. अडचण आहे ती सामानाची. कोणी काय आणि किती आणायचे हे आधी ठरले नाही, तर दोन हंगामांत शर्यत खिशांची होते. म्हणून कोणत्याही संस्थेने वा नगरपरिषदेने पहिला बोर्ड विकत घेण्यापूर्वी सामानाची नियमावली लिहून काढावी, एवढ्यासाठी हे पत्र.

सामान तसे पाच वस्तूंचे: बोर्ड, फिन (बोर्डाच्या मागच्या बाजूला खाली बसवलेले पाते), डोलकाठी, बूम (शीड हाताने धरायचा आडवा दांडा) आणि शीड. पैसा जातो तो हलकेपणावर आणि नगांवर. ४६० सेंमीची डोलकाठी थोड्या कार्बनची घेतली तर परवडते. तीच शंभर टक्के कार्बनची घेतली तर किंमत कितीतरी चढते आणि वजनात फरक पडतो तो थोडाच. शिडाचेही तसेच. पारदर्शक मोनोफिल्मचे शीड हलके आणि ताठ असते, पण उन्हाने ते ठिसूळ होते आणि कोकणातल्या वाळूवर दुपारभर पसरून ठेवले तर घडीच्या रेषेवर तडकते. डेक्रॉनचे (विणलेल्या पॉलिस्टरचे) कापड थोडे ढिले पडते, पण वर्षानुवर्षे चालते आणि गावातला शिडे-तंबू शिवणारा कारागीरही त्याला ठिगळ लावू शकतो. नियमात एकदा ‘डेक्रॉन’ लिहिले, की मोनोफिल्म घेणाऱ्याचा फायदाच संपतो.

जगभर याचे दोन मार्ग रूढ आहेत. एक चौकटीचा: मापांच्या मर्यादा ठरवायच्या, आतला आकार ज्याचा त्याचा. फॉर्म्युला विंडसर्फिंग या शर्यतींच्या वर्गात शिडाला कमाल १२.५ चौ. मी. अशी मर्यादा आहे, बोर्डाच्या रुंदीलाही आहे. बोर्ड कारखान्यातून मालिकेने निघालेला आणि नोंदवलेला हवा, आणि एका स्पर्धेला एक बोर्ड, तीन शिडे, तीन फिन एवढेच चालतात. ऐकायला हे काटेकोर वाटते. पण चौकटीच्या आत दरवर्षी नवा आकार येतो, आणि तीन शिडे म्हणजे बहुतेकदा डोलकाठ्याही एकापेक्षा जास्त. दुसरा मार्ग वन-डिझाइनचा: सगळ्यांना एकाच साच्यातला बोर्ड आणि एकाच कापाचे शीड. इथे नियमावली ‘बंद’ पद्धतीची असते. ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते निषिद्ध, या एका वाक्याने निम्मे वाद मिटतात. ‘जे निषिद्ध नाही ते चालेल’ असे लिहून बसलात, तर प्रत्येक हंगामात नवी पळवाट आणि नवी दुरुस्ती.

वन-डिझाइन म्हटले की स्वस्त, असा एक गोड गैरसमज आहे. साचा एकच असला तरी त्यातून निघणारी प्रत्येक फिन सारखी नसते. एखादी थोडी मऊ निघते, एखादी ताठ. ऑलिंपिकच्या आरएस:एक्स वर्गात ढिगाने फिन घेऊन त्यातली एक निवडण्याची चाल पडली, ती याचमुळे. म्हणून साच्याच्या जोडीला संख्येचे कुलूप लागते: एका खेळाडूला हंगामात एक शीड आणि एक फिन. दोन्हींवर मोजणी करणाऱ्याची पक्क्या शाईची सही आणि तारीख. बदली फक्त दुरुस्त न होण्याजोगी मोडतोड झाली तर, तीही शर्यत समितीच्या लेखी परवानगीने. संस्थेच्या मालकीचे सामान असेल तर याहून सोपा उपाय म्हणजे रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून बोर्ड वाटणे. त्यात एक खोट आहे: आज माझा, उद्या दुसऱ्याचा म्हटल्यावर कोणी बोर्ड जपत नाही. देता-घेताना दोघांनी मिळून नाक, कडा आणि फिनचा खाचा तपासून वहीत सही केली की ही खोट बरीचशी भरून निघते.

आणखी एक सापळा ऑलिंपिकच्या मागे धावण्याचा. १९८४मध्ये विंडग्लायडर, नंतर लेख्नर, १९९६ ते २००४ मिस्ट्रल, २००८पासून आरएस:एक्स आणि २०२४च्या पॅरिसला पाण्याखालच्या पंखामुळे (फॉइलमुळे) पाण्यावर उचलून धावणारा आयक्यूफॉइल. दर बदलाला जुने सामान कवडीमोल. तरी २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आपल्या इबाद अलीने कांस्य मिळवले ते आरएस:एक्सवरच, तो वर्ग ऑलिंपिकमधून गेल्यानंतर. जिल्हा पातळीच्या शर्यतीने बोर्डाचा प्रकार निदान आठ वर्षे बदलणार नाही, असे नियमातच लिहावे. देश पातळीवर जाणारा मुलगा तिथला बोर्ड तिथे शिकेल. वारा वाचणे त्याला इथेच शिकता येते.

फॉइल तर कोकणाला सध्या नकोच. त्याचा दांडा पाण्याखाली जवळजवळ एक मीटर जातो. कर्लीच्या मुखाशी किंवा कुठल्याही खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात, आणि मच्छीमारांच्या जाळ्यांच्या दोऱ्या वेगळ्याच. आपल्याला हवा तो लांब, मध्ये खाली-वर होणारा डॅगरबोर्ड (बोर्डाला आडवे सरकू न देणारे पाते) असलेला बोर्ड. पाच-सहा नॉट वाऱ्यातही तो वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला चढतो. नुसत्या फिनवरचा रुंद बोर्ड तेवढ्या वाऱ्यात तरंगत बसतो आणि शर्यत रद्द होते. मुलांसाठी टेक्नो २९३ आहे. लांबी २९३ सेंमी, रुंदी ७९ सेंमी, आणि वयाप्रमाणे ५.८, ६.८, ७.८ चौ. मी.ची शिडे. बोर्ड तोच राहतो, मूल वाढले की शीड बदलते. मोठ्यांसाठी विंडसर्फर एलटी: सुमारे १५ किलोचा बोर्ड, सर्वांना ५.७ चौ. मी.चे एकच शीड, आणि अंगाने जड-हलक्या खेळाडूंचे वेगळे वजनगट. वजनगट करायला पैसे लागत नाहीत. जड माणसाला मोठे शीड द्यायला लागतात.

एकाच शिडावर वारा वाढला तर काय, अशी शंका येईल. डाउनहॉलची, म्हणजे शीड डोलकाठीवर खाली ताणणारी, दोरी आणखी ओढायची. शिडाची मागची कड वरच्या बाजूला सैल होते, जादा वारा तिथून गळून जातो. वारा मंदावला की सोडायची. दोरी आणि दोन कप्प्या, एवढाच खर्च, म्हणून नियमात ही मोकळीक जरूर ठेवावी. मात्र डोलकाठीची लांबी, कडकपणाचा आकडा (४६० सेंमीला साधारण २५) आणि कार्बनची कमाल टक्केवारी बांधून द्यावी. शीड विशिष्ट वाकासाठी कापलेले असते. चुकीची डोलकाठी घातली तर ती सैल कड सैल होतच नाही.

फिन घासण्याबद्दल नियम कडक हवा. ओल्या पॉलिशपेपरने मागची कड पातळ केलेली डोळ्याला दिसत नाही, अंगठा फिरवला की कळते. जाड प्लास्टिकच्या पत्र्यातून मूळ आकाराचा साचा कापून ठेवावा आणि फिन त्यात घालून पाहावी. जांभ्यावर आपटून पडलेली खाच भरायला परवानगी असावी, पण भरून झाल्यावर पुन्हा साच्यातून तपासणी.

दुरुस्तीचे एक कलम कोकणात सर्वांत आधी लिहावे लागेल. फायबरच्या होड्या करणारे कारागीर बहुतेक बंदरांत आहेत, आणि बोर्डाला तडा गेला की पावले त्यांच्याकडेच वळतात. होडीला लावतात ते पॉलिस्टर रेझीन. बोर्डाच्या पोटात थर्मोकोल असतो. पॉलिस्टरमधले स्टायरीन तो विरघळवते आणि वरून गुळगुळीत दिसणारा बोर्ड आतून पोकळ होतो. इथे इपॉक्सीच हवे. त्याआधी तडा उघडा ठेवून बोर्ड सावलीत पूर्ण सुकू द्यावा, नाहीतर पाणी आत कोंडले जाते आणि बोर्ड कायमचा जड होतो. पॉलिथिलीनच्या बोर्डावर तर कोणतेच रेझीन नीट धरत नाही. तो उष्णतेने सांधावा लागतो. वजनाची मोजणीही सुक्या बोर्डाची, फिन काढून. किमान वजनापेक्षा हलका असेल त्याला शिशाची भर. तडे बहुतेक नाकावरच जातात, कारण खेळाडू पुढे फेकला गेला की डोलकाठी तिथे आदळते. नाकावर फोमची पट्टी सक्तीची करावी. दुरुस्तीपेक्षा ती फार स्वस्त पडते.

निविदा काढताना दर पाच बोर्डांमागे एक जादा फिन, डोलकाठीच्या तळाचे दोन जादा रबरी सांधे आणि बोर्डाच्या हवेच्या स्क्रूच्या (आत कोंडलेली हवा सोडण्याच्या) जादा रिंगा याच किमतीत मागाव्यात. सुटा सांधा परदेशातून मागवण्यात हंगाम निघून जातो. डोलकाठी दोन तुकड्यांची असावी. एसटीच्या टपावरून जाते. सांध्यात वाळू राहिली तर मात्र ती पुन्हा सुटत नाही, म्हणून जोडण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुणे आणि सांध्यावर चिकटपट्टीचा एक वेढा. किनाऱ्यावर त्यासाठी नळ लागेल, आणि तो निविदेत कोणी धरत नाही.

आपले,
शिडाच्या शर्यतींचे काही प्रशिक्षक व दुरुस्ती कारागीर,
मालवण