पावसाळ्याआधी आपल्या मांजरांसाठी एवढं करूया

वसाहतीतल्या सर्व रहिवाशांना सस्नेह नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला आहे. गटारं भरली की उंदीर-घुशी वर येतात. मीटर रूममध्ये, लिफ्टच्या खड्ड्यापाशी, दुकानांच्या मागच्या बोळात त्यांची ये-जा सुरू होते आणि मग दरवर्षीप्रमाणे जागोजागी विषाच्या वड्या टाकल्या जातात. घरातून बाहेर फेरफटका मारायला जाणाऱ्या मांजरांसाठी हे दिवस फार वाईट. म्हणून वसाहतीचा मांजर निगा गट आत्ताच, पहिली सर पडण्याआधी, आपल्यापुढे हात पसरतो आहे.

विषाचं आधी सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वड्यांमध्ये ब्रोमाडायोलोन असतं. त्यामुळे रक्त गोठायचं थांबतं. वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तावतो, उघड्यावर अडखळत फिरतो आणि मांजराच्या तावडीत आयताच सापडतो. वडीला तोंडही न लावलेल्या मांजराच्या पोटात विष जातं ते असं. त्याचा परिणामही लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी मांजर खायचं सोडतं, पलंगाखाली जाऊन बसतं, धापा टाकतं. अशा वेळी त्याचा ओठ हलकेच वर करून हिरड्या बघा. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, किंवा नाकातून, लघवीतून रक्त आलं, तर सकाळची वाट बघू नका. या विषावर व्हिटॅमिन के1 हा उतारा आहे, तो काही आठवडे द्यावा लागतो आणि वेळेत सुरू झाला तर मांजर वाचतं. वडीचं वेष्टन सापडलं तर डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

झिंक फॉस्फाईडचं मात्र तसं नाही. ही काळपट भुकटी पिठात कालवून ठेवतात. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो, काही तासांत जीव जाऊ शकतो आणि तिच्यावर उतारा नाही. दोन्हींपैकी कुठलंही विष असो, मिठाचं पाणी, दूध, तेल पाजून घरीच उलटी काढायचा प्रयत्न करू नका. तडक दवाखाना गाठा.

उंदरांचा त्रास खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण जिथे कचऱ्याचे डबे रात्रभर उघडे राहतात आणि पाइपांच्या कडेची भोकं बुजवलेली नसतात, तिथे कितीही विष टाकलं तरी महिन्याभरात नवे उंदीर हजर होतात. म्हणून प्रत्येक इमारतीला जाळीचे पिंजरे, झाकणाचे डबे आणि भोकं बुजवायला सिमेंट व जाळी द्यायचा आमचा विचार आहे. जमणाऱ्या निधीतला मोठा वाटा यावर खर्च होईल. तुमच्या इमारतीच्या समितीने विष टाकायचं ठरवलंच, तर निदान आदल्या दिवशी सूचना फलकावर लिहा. तेवढे दिवस आम्ही मांजरं घरात ठेवू.

दुसरा धोका खिडकीचा. ‘मांजर कुठूनही पडलं तरी पायांवर पडतं’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात उंच इमारतींवरून पडलेली 132 मांजरं उपचारांसाठी आली होती, त्यांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सुमारे 90 टक्के वाचली आणि तेव्हापासून हा आकडा मांजराच्या चिवटपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. पण ही दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरं होती. जी खाली पडून जागीच मेली, ती या हिशेबात नाहीत. शिवाय वाचलेल्यांनाही फुप्फुसाच्या दुखापती, फुटलेले जबडे, चिरलेल्या टाळू यांतून जावं लागलं. कबुतरामागे झेप घेणारं मांजर कठड्याची रुंदी मोजत नाही. डासांच्या जाळीवर विसंबू नका, ती मांजराच्या नखांनी फाटते. गॅलरीला मजबूत जाळी बसवा. ज्यांना खर्च झेपत नाही, विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना, त्यांच्या घरी गट आपल्या खर्चाने जाळी बसवून देईल. नाव गुप्त राहील.

नसबंदीबद्दल थोडक्यात. नसबंदी न केलेला बोका माजावर आलेल्या मादीमागे रस्ते ओलांडत लांब जातो, मारामाऱ्या करतो, गळवं घेऊन परततो. मादी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. ‘एक वेत होऊ द्यावं’ असं म्हणतात, पण त्याने तिचं काही भलं होत नाही. त्या पिल्लांना आपण घरं कुठून आणणार? शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस यासाठी गरजूंना गट हातभार लावेल.

गाडीवाल्यांना एक कळकळीची विनंती. पावसात भिजलेलं मांजर इंजिनाच्या उबेला बॉनेटखाली शिरतं. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि चार सेकंद थांबा.

मांजर हरवलंच तर लांब धावू नका. भेदरलेलं मांजर बहुधा घराजवळच, जिन्याखाली किंवा उभ्या गाडीखाली, आवाज न करता दडून बसतं. हरवून सापडलेल्या मांजरांच्या एका अभ्यासात चारपैकी तीन घरापासून 500 मीटरच्या आतच मिळाली. रात्री वर्दळ थांबली की टॉर्च घेऊन निघा, अंधारात डोळे चमकतात. शोधायला माणसं लागली तर आम्हाला सांगा, आम्ही येतो.

आता मागणं. दरमहा 100 रुपये देणारी घरं हवी आहेत. एकदाच द्यायचे असतील तर कितीही द्या, दहा रुपयांचीही पावती मिळेल. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सूचना फलकावर लागेल. पैसे नकोत असं वाटलं तर जुने टॉवेल, चादरी, मांजर न्यायच्या झाकणाच्या टोपल्या द्या. सर्वांत निकड आहे ती रात्री-अपरात्री दवाखान्यापर्यंत गाडी काढू शकणाऱ्यांची, आणि शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस एका मांजराला आपल्या घरातली रिकामी खोली देणाऱ्यांची.

नावं आणि वर्गणी वसाहतीच्या कार्यालयात सायंकाळी सहा ते आठ या वेळेत स्वीकारली जाईल. येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही मीटर रूमपासून सुरुवात करून सगळ्या इमारतींतली भोकं बुजवायला निघणार आहोत. घरात थापी किंवा घमेलं असेल तर घेऊन या.

आपला,
मांजर निगा गट