वेगळा हेडर न वाचणाऱ्या बूटलोडरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या मशीनवर लक्सचा (लिनक्समधल्या डिस्क-एन्क्रिप्शनचा) वेगळा हेडर वापरता येत नसल्याबाबत, आणि सपोर्टकडून मिळालेल्या वागणुकीबाबत.

आज दुपारी तुमच्या सपोर्टशी पाचव्यांदा बोललो आणि फोन ठेवून लगेच हे लिहायला बसलोय.

लक्स काय असतं हे मशीन बनवणाऱ्यांना सांगायला नको. माझी डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली आहे आणि तिचा हेडर, म्हणजे डिस्क उघडायला लागणारी माहिती, डिस्कवर नसून पेनड्राइव्हवर आहे. १६ एमबीची एक फाइल. डिस्कची खरी किल्ली तिच्यातच, पासवर्डने बंद केलेली. संध्याकाळी पेनड्राइव्ह माझ्या खिशातून घरी येतो. रात्री कोणी कारखान्यातून मशीन उचलून नेलं, तरी पासवर्ड लावून बघायलासुद्धा त्याच्या हातात काही राहत नाही. मशीन घेण्याआधी मी ईमेलवर एवढंच विचारलं होतं: हेडर वेगळा असेल तर बूट होईल का? तुमच्या विक्री विभागाने उत्तर दिलं, "हो, सपोर्ट आहे." तो ईमेल सोबत जोडला आहे.

प्रत्यक्षात तुमचा बूटलोडर (मशीन चालू होताच सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम) डिस्कची सुरुवात वाचतो, तिथे लक्सची खूण सापडली नाही की डिस्क रिकामी ठरवतो. हेडरची फाइल दाखवायला जागाच ठेवलेली नाही. पेनड्राइव्ह लावलेला असतो, यादीत दिसतो, पण त्याकडे बघितलंच जात नाही. उलट प्रश्न येतो, "डिस्क इनिशियलाइझ करायची?" आणि त्यात "हो" आधीच निवडलेलं! हेडर बाहेर असला की डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून माझा डेटाच असतो. नुसतं एंटर दाबलं तरी त्यावर नवीन पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) लिहिलं जाणार. गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या मुलाने सकाळी मशीन चालू केलं, त्याचं बोट एंटरवर होतं, आणि मी दारातूनच ओरडलो म्हणून वाचलं.

पहिल्या फोनवर मला सांगितलं की कीस्लॉट (हेडरमधली, पासवर्डने बंद केलेली किल्ली ठेवायची जागा) अर्गॉन२ चा आहे म्हणून अडतंय, पीबीकेडीएफ२ करा; या दोन्ही पासवर्डवरून किल्ली बनवायच्या पद्धती. केला. काही फरक पडला नाही. बूटलोडर हेडरपर्यंत पोचतच नाही, तर आतला कीस्लॉट कुठला याने काय होणार?

आता आजचा फोन. तुमचा माणूस म्हणाला, "सर, हेडर डिस्कवरच टाका ना." मी म्हटलं, मग कुलूप आणि किल्ली एकाच ठिकाणी झाली, यासाठीच तर वेगळा ठेवलाय. त्याने मला बारा मिनिटं होल्डवर ठेवलं. परत येऊन म्हणाला, "वरिष्ठांना विचारलं. पण सर, एवढं लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?" मी सांगितलं, जॅकार्डच्या डिझाइन आहेत, चादरीच्या आणि टॉवेलच्या. तो हसला. "चादरीच्या? त्यासाठी एवढं?" मागून आणखी कोणीतरी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. मग म्हणाला, फॉरमॅट करून घ्या, आम्ही रिमोटवरून करून देतो. बॅकअप आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. मी नाही म्हटल्यावर शेवटचा तोडगा आला: सोलापूरला इंजिनिअर नाही, मशीन पुण्याला पाठवा, पेनड्राइव्ह आणि पासवर्डसकट.

साहेब, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणून डिझाइनची चोरी थांबली नाही. आमचा नमुना आम्ही बाजारात आणायच्या आधी दुसऱ्याच्या मागावर चढलेला मी स्वतः पाहिलाय. एका डिझाइनला महिना-महिना जातो. त्यावर हसायचा अधिकार तुमच्या माणसाला कोणी दिला?

"तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही" हेही ऐकवलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्रब २.१२ या बूटलोडरमध्ये क्रिप्टोमाउंटला (एन्क्रिप्टेड डिस्क उघडणाऱ्या कमांडला) हेडरची फाइल देता येते, लक्स १ ला आणि लक्स २ लाही. तेव्हा डिस्क यूयूआयडीने (तिच्या ओळख-क्रमांकाने) शोधता येत नाही, नाव घेऊन सांगावी लागते, कारण यूयूआयडी हेडरमध्येच असतो. माझी त्याला हरकत नाही, मी नाव टाइप करीन. पण टाइप करायला जागा तर द्या. सध्या रोज सकाळी मी तुमच्या मशीनमधली डिस्क काढून जुन्या कॉम्प्युटरला लावतो, क्रिप्टसेटअपला (लक्सची डिस्क उघडणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामला) हेडर दाखवतो आणि ती उघडते. तीच डिस्क, तोच पेनड्राइव्ह. दुसरा बूटलोडर टाकावा तर तुमची वॉरंटी जाते.

याआधी दोन मशीन तुमचीच घेतली होती, ओळखीच्या चार कारखानदारांना घ्यायला लावली होती. आता त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते.

१५ दिवसांत हेडरची फाइल देण्याची सोय करा, नाहीतर मशीन परत घेऊन पूर्ण पैसे द्या. तो इनिशियलाइझचा प्रश्न मात्र आजच काढा, कमीत कमी "नाही" आधी निवडलेलं ठेवा. माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाचा डेटा जायला नको. मुदतीत उत्तर आलं नाही, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच ती करता येते, त्यासाठी मला तुमच्या गावी यावं लागणार नाही.

पेनड्राइव्ह मी कुठेही पाठवणार नाही.

तुमचा ग्राहक,
सोलापूर

सोबत: विक्री विभागाचा ईमेल, बिलाची प्रत, स्क्रीनचे तीन फोटो