नागपूरच्या नावाचं तिकीट

महाल, नागपूर
तान्ह्या पोळ्याची रात्र

प्रिय सुधाकर,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज रात्री काढतो, वाचतो आणि परत पाकिटात घालतो. फोनवर बोलता आलं असतं, पण तू हाताने लिहिलंस, तर मीही हातानेच लिहावं असं वाटलं. आज मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला सकाळपासून इतवारीत उभा होतो. पाय भरून आलेत, झोप लागत नाही. म्हटलं, आजच बसू.

तुझ्या वरच्या मजल्यावरच्या आजींची गोष्ट मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. शाळेचा दाखला, लग्नाचा कागद, पहिल्या नोकरीची ऑर्डर, तिन्हींवर ज्या देशाचा शिक्का आहे तो पूर्व जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० पासून नाही. त्यांनी कपाटातून कागद काढले, तुला दाखवले आणि घडी मोडू न देता परत ठेवले. खाली तू एवढंच लिहिलंस, "देश जातो म्हणजे नेमकं काय जातं बे?"

मला आधी आपला टपाल तिकिटांचा अल्बम आठवला. दोघांत मिळून एकच होता, तुझ्या मामांनी दिलेला, निळ्या पुठ्ठ्याचा. पूर्व जर्मनीचं पान तुझ्याकडे होतं, युगोस्लाव्हियाचं माझ्याकडे. चेकोस्लोव्हाकियाच्या तिकिटांना मी नुसतं बोट लावलं तरी तू ओरडायचास. तुवाचं एकच तिकीट होतं, तिकोनी. तुवा कुठे आहे ते शाळेच्या नकाशात सापडेना, सरांनाही सांगता येईना. सायबेरिया आणि मंगोलियाच्या मधला तो देश १९२१ ते १९४४ एवढाच होता, हे मला चाळिशीत कळलं. म्हणजे आपण रविवारच्या खाऊचे पैसे साठवून ते तिकीट घेतलं तेव्हा तुवा रशियात जिरून तीस वर्षं झाली होती! झांझिबार तर त्याहूनही अल्पायुषी. डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झालं, जानेवारीत क्रांती होऊन सुलतान पळाला, एप्रिलमध्ये टांगानिकाशी जोडलं गेलं आणि पुढे टांझानिया झालं. आपण दोघं तेव्हा रांगत असू.

बाकीचे आपल्या डोळ्यांदेखत गेले. ज्यांच्या मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं आपण वह्यांना घालायचो, त्या सोव्हिएत संघाचे डिसेंबर १९९१ मध्ये पंधरा देश झाले. क्रिकालेव्ह नावाचा अंतराळवीर त्या वर्षी मे महिन्यात वर गेला होता. तो मार्च १९९२ मध्ये खाली उतरला तेव्हा त्याला पाठवणारा देश उरला नव्हता. चेक आणि स्लोव्हाकांनी १९९३च्या पहिल्या दिवशी न भांडता वाटणी केली. युगोस्लाव्हियाचं काय झालं ते आपण रोज पेपरात वाचत होतो, ते आज लिहवत नाही.

मग मी बाबांची पेटी काढली.

बाबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट १९४८चं आहे, मध्य प्रांत व वऱ्हाडचं. नोकरीची ऑर्डर १९५१ची, त्यावर मध्य प्रदेश शासन. तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती, हे माझ्या मुलाला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्याने आखली, राजधानी भोपाळला गेली आणि आपण मुंबई राज्यात आलो. सचिवालयातले कितीतरी लोक मुंबईला गेले, काही भोपाळला. बाबा आजीच्या आजारपणामुळे इथेच थांबले आणि जिल्ह्याच्या कामात लागले. मग १९६०ला महाराष्ट्र. त्यांनी महालातली ही खोली कधी सोडली नाही, पण सर्व्हिस बुकात तीन सरकारांचे शिक्के आहेत.

रिटायर होताना एका कचेरीतल्या बाबूने ते पुस्तक चाळून परत केलं. म्हणाला, "पहिली पाच वर्षं मध्य प्रदेशची दिसतात, भोपाळहून दाखला आणा." बाबा दोनदा भोपाळला जाऊन आले. तिथल्यांनी सांगितलं, तुम्ही नागपूरचे, कागद नागपूरलाच असतील. दीड वर्ष पेन्शन अर्धी मिळाली. त्या दीड वर्षात बाबांना मी पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं. आईला ते म्हणायचे, "मी काहून पुरावा देऊ? मी तर इथेच होतो." तुझ्या वरच्या मजल्यावरच्या आजी कागदाची घडी मोडू देत नाहीत ते मला लगेच समजलं, सुधाकर. ज्याने शिक्का मारला त्याला आता विचारायला जाता येत नाही. सगळा भार त्या कागदावर येतो.

पण सगळ्यात जास्त मला छळतं ते आपल्या वाड्यामागचं राज्य, नागपूरच्या भोसल्यांचं. आपल्या अल्बमात हैदराबादची तिकिटं होती, निजामाची. त्रावणकोरची होती. नांदगावचंही एक होतं, म्हणजे राजनांदगाव, हावडा लाइनवरचं. १८९१च्या सुमाराला त्या एवढ्याशा संस्थानाने स्वतःची तिकिटं काढली होती. नांदगाव हे कधीकाळी भोसल्यांच्या हाताखालचं. मांडलिकाचं तिकीट आहे आणि धन्याचं नाही, हे लहानपणी आपल्याला खटकलंसुद्धा नव्हतं.

कारण साध्या तारखांत आहे. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ला वारले, पोटी मूल नव्हतं. राण्यांनी यशवंतराव नावाचा मुलगा पुढे केला, जानोजी असं त्याचं नाव ठेवलं. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा माणूस, मॅन्सेल इंग्रजच, पण त्यानेही गादी चालू ठेवावी असं कळवलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ऐकलं नाही. कापसाचा मुलूख होता, शिवाय कलकत्ता आणि मुंबईच्या मध्ये हेच राज्य आडवं पसरलेलं. मार्च १८५४ मध्ये सुमारे ८० हजार चौरस मैलांचं, चाळीस लाखांवर माणसांचं राज्य कंपनीच्या वहीत जमा झालं. १८१७ची सीताबर्डीची लढाई आपण शाळेत पाठ केली होती, पण राज्य गेलं ते त्या लढाईने नव्हे. छत्तीस वर्षांनी, एकही गोळी न सुटता, कलकत्त्याला लिहिलेल्या कागदाने गेलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात साऱ्या हिंदुस्थानासाठी पहिलं टपाल तिकीट निघालं! सात महिन्यांचा फरक. नागपूर आणखी वीस-तीस वर्षं टिकलं असतं तर आपल्या वहीत त्याचं पान असतं.

नाणीही तशीच. भोसल्यांची टाकसाळ होती, पण रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचं, फारसीत. ओडिशापर्यंत ज्यांचा अंमल चालला त्यांनी स्वतःचं नाव ना नाण्यावर घातलं, ना तिकिटावर घालायची वेळ त्यांच्यावर आली. १८५७ नंतर इंग्रजांनी जानोजींना राजेबहादूर केलं, तर किताब कुठला दिला? देऊरचा. देऊर हे साताऱ्याकडचं गाव. इकडे वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात असूनही निजामाच्या वारसाला १९३६ला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घेता आलं, आणि नागपूरच्या राजाच्या किताबात नागपूर नाही. हे वाचलं त्या रात्री मी खरंच जेवलो नाही.

तू म्हणशील, बाळ्या राजेशाहीच्या प्रेमात पडला. तसं नाही. बंगालात आजही बर्गी म्हणून लहान मुलांना ज्यांची भीती घालतात ते आपलेच बारगीर. १७४१पासून दहा वर्षं आपल्या घोड्यांनी तो मुलूख तुडवला. शेवटी बंगालच्या नवाबाने, अलिवर्दीखानाने, ओडिशाचा महसूल आणि सालाला १२ लाखांची चौथ कबूल केली तेव्हा कुठे हे थांबलं. कटकच्या किंवा बर्दवानच्या माणसाने या राज्यासाठी हळहळावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि हे शहर तरी भोसल्यांचं कुठे होतं? छिंदवाड्याकडच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, त्याने बारा वाड्या जोडून १७०२च्या सुमाराला नागपूर वसवलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, तट बांधला. आपण ज्याच्या काठी बसून भेळ खायचो तो शुक्रवारी तलावही त्याच्याच काळचा, जुम्मा तलाव. आणि शाळेत जाताना ज्या गांधी गेटखालून जायचो ते जुम्मा दरवाजा. चांद सुलतान गेल्यावर घरात भांडणं लागली, राणीने पहिल्या रघुजींना मदतीला बोलावलं. रघुजी आले आणि राहिले. बुऱ्हाण शाहला नावाचा राजा ठेवला. त्याची मानमरातब, नेमणूक चालू राहिली, राज्य मात्र गेलं. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांनी डलहौसीने भोसल्यांचं जे केलं, त्यातलं थोडंसं भोसल्यांनी गोंडांचं आधीच केलेलं होतं. गोंड राजांनी पाणी आणि भिंती दिल्या, आपण त्यांना एखाद्या चौकाचं नाव देऊन मोकळे झालो. आपल्या अल्बमात देवगडचं पान हवं, हे मला साठीत सुचतं आहे.

आता मारबत. तुला आठवत असेल, आपण काळ्या मारबतीच्या मागे घसा बसेपर्यंत ओरडायचो, 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!' कोणी तिला पूतना म्हणायचं, पण तुझी आजी सांगायची की ती बाकाबाई आहे, इंग्रजांना मिळालेली राणी. १८८१पासून ती निघते. दीडशे वर्षं होत आली, शहर तिला दरवर्षी मिरवतं आणि जाळतं.

यंदा मला ते पाहवलं नाही. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींची विधवा. राज्य गेलं तेव्हा पंचाहत्तरीला आलेली. इंग्रजांनी वाड्यातलं सामान काढायला घेतलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकले, दागिने लिलावाला कलकत्त्याला गेले. एका इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवलंय, की सामान उचलू लागले तेव्हा त्या म्हातारीने वाडा पेटवून देईन असं बजावलं. नवरा गेला, मुलासारखा वाढवलेला राजा गेला, गादी गेली, आणि आता घरातलं सामान बाहेर निघतंय. सुधाकर, त्या वेळी त्या बाईच्या बाजूने कोण उभं राहिलं? १८५७ला तिने उठाव होऊ दिला नाही, हे खरं आहे, ते मी झाकत नाही. तिला उरलेलं घर आणि दत्तक पोर वाचवायचं होतं असं मला वाटतं. दुसऱ्याच वर्षी ती गेली. डलहौसीचा पुतळा आपण कधी जाळला नाही. राज्य गेल्याचा राग घरातल्या म्हातारीवर काढला आणि पिढ्यान् पिढ्या काढतो आहोत. ज्या वाड्याला आग लावायची तिने धमकी दिली होती तो वाडाही १८६४ला जळाला. नगारखाना तेवढा उरला.

आज काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर आल्या, ढोल एवढा की छातीत धडधडत होतं. पोट्टे नाचत होते, बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांवर, यंदाच्या महागाईच्या पाट्या होत्या. बाजूच्या बाईने कडेवरचं लेकरू मारबतीच्या पायाला लावलं. तिचा भाव मला मोडायचा नव्हता. रोगराई जावी, एवढंच तिला हवं होतं. पण मी ओरडलो नाही. मनात बाकाबाईंना नमस्कार केला आणि गर्दीतून वाट काढत घरी आलो.

घरी आल्यावर नातवाने दारात ठेवलेला लाकडी नंदीबैल आत घेतला. तान्हा पोळा भोसल्यांनीच सुरू केला म्हणतात. नातवाला त्यातलं काही माहीत नाही. पाच घरं फिरून चाळीस रुपये बोजारा मिळाला, त्यावर तो खूश आहे.

आता दोन कामं सांगतो. त्या आजींना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्याकडे जुन्या देशाचं एखादं वापरलेलं पाकीट असेल तर मागून बघ. तिकीट सोडवू नकोस, शिक्क्यासकट असू दे. अल्बम माझ्याकडेच आहे, वाळवी लागलेली नाही. मागे चार पानं कोरी होती. त्यातल्या एकावर आज मी 'देवगड' लिहिलं, एकावर 'नागपूर'. तिकीट नाही, म्हणून नागपूरच्या पानावर बाबांच्या १९५१च्या ऑर्डरची झेरॉक्स लावली आहे. चूक आहे हे कळतं, ते सरकार वेगळं. तू आलास की ठरवू.

डिसेंबरात ये. सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त होतो तेव्हा, ही पुडाच्या वड्या करते. वहिनींना घेऊन ये. एका सकाळी नगारखान्यापासून जुम्मा दरवाज्यापर्यंत चालत जाऊ.

तुझा,
बाळू