भूत विकत कशाला आणायचं?

मा. संपादक,

31 ऑक्टोबरला आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत पोट्ट्यांनी हॅलोवीन साजरं केलं. विदेशी खूळ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. माझं माहेर जागनाथ बुधवारीचं, म्हणजे पिवळ्या मारबतीचं. मारबत म्हणजे इडापिडा घालवायला वाजतगाजत मिरवून जाळायचा बाईचा पुतळा. काळी मारबत 1881 पासूनची, आमची पिवळी 1885 पासूनची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू, कागद नि चिंध्यांचे बडगे, म्हणजे पुतळे, रस्त्यावर काढून ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडणाऱ्या गावाला भुताचं काय वावडं असणार! माझी तक्रार एवढीच की भूत विकत आणलं.

घरटी 300 रुपये वर्गणी झाली. भाऊबीज आटोपली तशी मोबाईलवरून मागवलेली खोकी आली. प्लास्टिकचे सांगाडे, वटवाघळं, आणि कापसासारखं दिसणारं, पिंजून ताणायचं पांढरं जाळं. ते जाळं फाटकावरच्या मधुमालतीवर पसरलं. 29 तारखेला सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर वेलीत काहीतरी फडफडत होतं. शिंजीर! अंगठ्याएवढा जीव, एक पंख नि दोन्ही पाय धाग्यांत गुरफटलेले. जितका ओढ घेई तितका धागा आवळत जाई. घरून कशिद्याची कात्री आणली, चष्मा लावला आणि एकेक धागा कापत बसले. त्याच्या छातीची धडधड माझ्या बोटांना कळत होती. सुटला आणि समोरच्या कडुनिंबावर जाऊन बसला. त्या दिवशी काही परत वेलीवर आला नाही.

पोट्टे भोवती उभेच होते. जाळं मी तिथल्या तिथे उतरवायला लावलं. “आजी, मग आता कोळ्याचं जाळं कशाचं करायचं?” म्हटलं, सुतळीचं. जाड दोरी, मध्ये वीतभर मोकळी जागा, तीही जिन्यात, वेलीवर नाही.

मग दोन दिवस आमच्या हॉलमध्ये कारखाना. यजमानांचं जुनं धोतर फाडून मैद्याच्या खळीत बुडवलं, बाटलीवर ठेवलेल्या फुग्यावर पांघरलं. दुसऱ्या दिवशी फुगा फोडला तर भूत आपल्या पायावर उभं. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी पॉलिस्टरची ओढणी दिली होती, तिचं भूत मात्र जमिनीवर लोळलं. खळ सुती कापडच धरतं. खळीत चिमूटभर तुरटी घातली की लवकर आंबत नाही. बुकबायंडर मोरचूद घालायचे, पण घरात लहान लेकरं असताना ते विष नको.

सगळ्यात भारी झाली ती वटवाघळं. माझ्या गुडघ्याचे, यजमानांच्या छातीचे एक्स-रे पेटीत पडून होते. ते पंखाच्या आकारात कापले आणि ट्यूबलाइटसमोर टांगले. पंखात खरीखुरी हाडं दिसतात हो! खर्च शून्य.

कोहळं, म्हणजे लाल भोपळा, तेवढं कॉटन मार्केटातून आणलं, 70 रुपयांचं. पण ही कोरायची रीत मुळात कोहळ्याची नाहीच. आयर्लंडमधले लोक सलगम कोरायचे. ते अमेरिकेत गेले, तिथे कोहळी मोठी नि मुबलक मिळाली, म्हणून कोहळं आलं. जिथे जे पिकतं ते घ्यावं, मग नागपुरात संत्रं का नको? आपल्या संत्र्याचं साल सैल. मधोमध आडवं कापून चमच्याच्या दांड्याने फिरवलं की वाटी अख्खी सुटते. वरच्या वाटीला डोळे, तोंड नि धूर जायला डोक्यावर मोठं भोक. खालच्या वाटीत तेल आणि फुलवात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडांची, फळं या दिवसांत अजून हिरवटच असतात, भुताला तो रंग शोभतोच. बारा दिवे स्टीलच्या ताटात घालून कठड्याशी ठेवले. मोठं माणूस जवळ बसवलं होतं, हे सांगायला हवं. काय वास सुटला होता म्हणून सांगू!

संत्री पोरांनी खाल्ली. कोहळ्याच्या गराचे बोंडं तळले, तेच ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणून दारोदार दिले.

सोसायट्यांच्या कमिट्यांना विनंती आहे की पुढल्या वर्षी वर्गणी काढायच्या आधी घरातल्या पेट्या उघडा, आणि ते पांढरं जाळं झाडांवर, वेलींवर लावू नका. आपल्या बालपुरवणीत संत्र्याच्या दिव्याची कृती चित्रांसह छापलीत तर बरं होईल. चित्रं मी काढून देईन.

वटवाघळं मात्र पोट्टे परत द्यायला तयार नाहीत. येत्या महिन्यात गुडघा दाखवायला जायचं आहे नि डॉक्टरांनी जुना एक्स-रे सोबत आणायला सांगितलाय. आता पंखांसकट नेते.

आपली नियमित वाचक,
एक आजी, मनीषनगर, नागपूर