बाबांच्या बोटांना मानवेल असा लॅपटॉप

कोथरूड, पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

लॅपटॉपचा विषय फोनवर काढला की बाबा "चालतंय तोवर चालू दे" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

दिवाळीत आले होते तेव्हा तुमचं दुपारचं काम मी दारात उभी राहून बराच वेळ बघत होते. आई आजीच्या वहीतली ओवी वाचते, बाबा टाइप करतात. बिजागरी तुटली म्हणून स्क्रीनच्या मागे पाट टेकवलेला. आणि 'ळ' दाबला की तो दोनदा उमटतो, मग बाबा एक खोडतात. दळण, दळिते, माळ, सकाळ. जात्यावरच्या ओव्यांत 'ळ' किती येतो ते मला त्या दुपारी कळलं. एकदाही बाबा कुरकुरले नाहीत, आणि मला फार अपराधी वाटलं, कारण तो लॅपटॉप मीच घेतलेला. स्वतःला नवा आणला आणि जुना साताऱ्याला दिला.

२०१८ साली तो घेताना मी दोनच गोष्टी बघितल्या होत्या, झाकणावरचं नाव आणि दिवाळीची सूट. रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरायची मेमरी, फक्त ४ जीबी, तीही बोर्डावरच डकवलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांत बसवलेले. उघडमीट करून खुंट्या तुटल्या. सर्व्हिस सेंटरने बिजागरी बदलायला नकार दिला आणि सबंध वरचा भाग बदलण्याचा असा खर्च सांगितला की मी तसाच घेऊन आले. त्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याच कंपनीचे चांगले लॅपटॉपही मी आता बघून आलेय.

शिवाय विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपली. विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते, तुमचा प्रोसेसर सातव्या पिढीतला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ती नोंदणी मी दिवाळीतच करून ठेवली. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही, पण बाबांची पेन्शन ज्या मशिनवर बघितली जाते ते फार काळ असं ठेवायचं नाही.

लागोपाठ दोन शनिवार मी टिळक रोडची दुकानं पालथी घातली. बाबा, तुमचे मित्र डेलच घ्या म्हणतात, शेजारचे काका एचपी म्हणतात, आणि तुमचं स्वतःचं म्हणणं चिनी नको. तिन्ही मतं डोक्यात ठेवून गेले होते. पण दुकानात बघितलं तर पाटी एक आणि माल निराळा. प्रत्येक कंपनीचा एक माल घरगुती गिऱ्हाइकासाठी, दिसायला सडपातळ, सवलतीत स्वस्त होणारा. आणि दुसरा कचेऱ्यांसाठी, जरा जाड, रंगाने काळा-करडा, पण उघडून दुरुस्त करता येणारा. लेनोवोचा आयडियापॅड वेगळा आणि थिंकपॅड वेगळा. एचपीचं प्रोबुक, डेलचा लॅटिट्यूड हे त्याच दुसऱ्या पंगतीतले. डेलने तर या वर्षी नावंच बदलली, आता कचेरीवाल्या लॅपटॉपवर 'डेल प्रो' लिहिलेलं असतं. आपण याच पंगतीतून घ्यायचा असं माझं पक्कं मत झालंय, मग झाकणावर कुणाचंही नाव असो.

चिनीबद्दल सांगते. थिंकपॅड मुळात अमेरिकेच्या आयबीएमचा, १९९२ पासूनचा. आयबीएमने तो धंदा २००५ मध्ये चीनच्या लेनोवोला विकला. आणि अमेरिकी कंपन्यासुद्धा बहुतेक लॅपटॉप स्वतः बनवत नाहीत, क्वांटा, कॉम्पाल अशा तैवानी कंपन्यांकडून बनवून घेतात, आणि त्यांचे मोठे कारखाने वर्षानुवर्षं चीनमध्येच आहेत. तेव्हा चीन टाळायचा म्हणून डेल घेतला तरी तो टळतोच असं नाही. आसुस आणि एसर तैवानच्या, त्याही वाईट नाहीत, पण मला हवा तसा कीबोर्ड त्यांच्यात दुकानात मिळाला नाही.

प्रोसेसरमध्ये एक गोम आहे ती मात्र लक्षात ठेवा, कारण मी फसता फसता वाचले. दुकानातला मुलगा एएमडीचा रायझन ५ ७५२०यू दाखवून "सात हजार सिरीज, एकदम नवीन" म्हणाला. या आकड्यात बघायचा तो तिसरा अंक. २ असेल तर आतली रचना २०१९ ची, झेन २ नावाची. ७५३०यू असेल तर झेन ३, त्यापुढची. दोन्ही डब्यांवर रायझन ५ असंच लिहिलेलं. इंटेलमध्ये सोपं आहे, १३३५यू म्हणजे तेराव्या पिढीचा. ओव्या, पेन्शनरांचे अर्ज आणि माझ्याशी व्हिडिओ कॉल एवढ्याला यातला कुठलाही झेपेल. त्यात जास्त पैसे घालायचे नाहीत. पैसे घालायचे ते १६ जीबी रॅमवर, आणि स्क्रीनवर.

आई, स्क्रीन तुझ्यासाठी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला चकाकी सहन होत नाही, म्हणून चकचकीत काच नकोच, मॅट हवा. उजेड ३०० निट्सच्या खाली नको (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). स्वस्तातले बरेच २२० नाहीतर २५० चे असतात. दुकानात सगळेच छान दिसतात, म्हणून मी प्रत्येक लॅपटॉप उचलून रस्त्याच्या बाजूला दारापाशी नेला आणि कुशीवरून बघितल्यासारखा बाजूने बघितला. दोन तिथेच बाद झाले. तू बाबांच्या शेजारी बसून बघतेस, समोर बसून नाही.

ॲपलचा मॅकबुक एअरही हातात घेतला. खोटं कशाला सांगू, सुंदर आहे. पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही, बॅटरी दिवसभर टिकते. पण बाबांची श्रीलिपीची, म्हणजे त्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची, प्रत विंडोजसाठी घेतलेली, पेन्शनरांच्या संघटनेच्या सगळ्या जुन्या फायली त्याच फॉन्टमध्ये. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर वाचता येईल अशा लिपीत, आणेपर्यंत विंडोज सोडता येणार नाही. पेनड्राइव्हलाही वेगळा जोड लागतो.

आणि कीबोर्ड. बाबा, तुमची बोटं गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर तयार झालेली. तुम्ही कळ दाबत नाही, ठोकता. लहानपणी कचेरीत डबा घेऊन यायचे तेव्हा जिन्यातूनच मला तुमचा आवाज ओळखू यायचा, इतर टायपिस्टांपेक्षा जड आणि एका ठेक्यात. पातळ लॅपटॉपच्या कळा जेमतेम एक मिलिमीटर खाली जातात. तुमचं बोट तळाला आपटतं, आणि माझ्या मते तो बिचारा 'ळ' त्यानेच गेला. थिंकपॅडच्या कळा जास्त खोल जातात, वरून किंचित वाटीसारख्या खोलगट आहेत, बोट आपोआप मध्ये बसतं. मी त्यावर आजीच्या चार ओव्या टाइप केल्या. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी पुऱ्या केल्या. विंडोजमध्ये आयती मराठी मिळते ती इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक या कळांच्या मांडण्यांत. तुमची टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी वेगळी टाकावी लागते, ती मी बसवून देईन. कळांवर लावायचे मराठी अक्षरांचे स्टिकर आईसाठी आणते, तुम्हाला लागणार नाहीत.

वॉरंटी ऑनसाइट घ्यायची, तीन वर्षांची, म्हणजे माणूस घरी येतो. साताऱ्याचा आपला पिनकोड त्यात बसतो का ते बिल करण्याआधी कंपनीला विचारून घेणार. नाहीतर बाबा लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने पुण्याला येतील आणि मला कळवणारही नाहीत, हे मला माहीत आहे.

पैशांचं बोलू नका. एका शब्दानेही नाही.

माझ्या मनात थिंकपॅड आणि प्रोबुक असे दोनच उरलेत, पण निवड बाबांच्या बोटांनी करायची. येत्या शनिवारी सकाळची सातची एसटी धरा. स्वारगेटला मी उभी असेन, तिथून टिळक रोड रिक्षाने पाच-दहा मिनिटं. आई, आजीची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आण. दुकानात तू वाच, बाबा दोन्हीवर टाइप करतील. 'ळ' असलेलीच ओवी निवड.

तुमची
धाकटी